दांड्याचा बाक

माझ्या सासऱ्यांनी बावीस वर्षांत माझं दोनदा कौतुक केलं. पहिल्यांदा, न्हाणीघरातला गळका नळ मी दुरुस्त केला असं त्यांना वाटलं तेव्हा. तो प्लंबरनं केला होता. मी गप्प राहिलो. दुसऱ्यांदा, मी त्यांची काठी बिघडवली तेव्हा. पुढे लिहिलंय ते या दुसऱ्या कौतुकाबद्दल.

मी कवळ्या करतो. चष्म्याच्या दुकानाखाली तळघरात दोन खोल्या आहेत, तिथे. एका खोलीत प्लास्टर आणि मेण, दुसरीत घासायची यंत्रं आणि मी. माप डॉक्टर घेतो, आभार डॉक्टर घेतो, कवळी टोचली की शिव्या तेवढ्या जिना उतरून खाली येतात. तीस वर्षांत जबडे पुष्कळ पाहिले, माणसं फारशी पाहिली नाहीत. बायको म्हणते, समोरचा बोलायला लागला की तुम्ही त्याचे दात बघता, म्हणणं ऐकत नाही. ती हे म्हणत असते तेव्हाही मी तिचे दातच बघत असतो. चांगले आहेत.

ज्यांच्या हाताखाली हे काम शिकलो त्या उस्तादांचा एकच नियम होता. म्हातारं माणूस जुनी कवळी घेऊन आलं, ती झिजलेली असो, एका बाजूनं उंच असो, तिला हात लावण्याआधी तिचा साचा काढायचा. "तुला ती वाकडी दिसते," उस्ताद म्हणायचे. "तो वीस वर्षं तिनं जेवलाय. तोंड आता तिच्यासारखं झालंय. तू सुबक करून देशील, तो 'छान आहे' म्हणेल, घरी जाऊन पेल्यात ठेवेल आणि बोळक्यानं जेवेल. मग जुनीसारखी परत करायची तर साचा पाहिजे." हा नियम मी तीस वर्षं पाळला. एकदाही चुकलो नाही. ज्या दिवशी त्याची खरी गरज होती त्या दिवशी माझ्यासमोर दात नव्हते, एवढंच.

काठी होती. गोल्फची, लाकडी दांड्याची.

हा नाद मला चाळिशी उलटल्यावर लागला, जेव्हा इतरांना देव किंवा मधुमेह लागतो. एका वारलेल्या दंतवैद्याच्या दवाखान्यातलं सामान विकायला काढलं होतं. मी ड्रिल घ्यायला गेलो आणि छत्र्यांच्या स्टँडात उभ्या असलेल्या सात काठ्या घेऊन आलो. खाली गंजलेलं लोखंडी पातं, मधे हिकरी नावाच्या चिवट लाकडाचा दांडा, वर चामड्याची पट्टी गुंडाळलेली मूठ. शंभर वर्षांपूर्वी लोक असल्या काठ्यांनी खेळत. मग पोलादी दांडे आले आणि या माळ्यावर गेल्या. तेव्हा त्यांना नंबर नसत, नावं असत. मी बायकोला एकेक दाखवून सांगितलं: ही क्लीक, ही मॅशी, ही निब्लिक.

"कुत्र्याची पिल्लं आणल्यासारखं सांगताय," ती म्हणाली. "झोपणार कुठे ही?"

कपाटामागे झोपू लागली. हत्यारं माझ्याकडे होतीच. गंज काढायचा तो तेल आणि बारीक लोखंडी काथ्यानं, अगदी हलक्या हातानं. पात्याच्या पाठीवर बनवणाऱ्याचा ठसा असतो, तो पुसला गेला की काठी पोरकी होते. दांड्याला जवसाचं तेल पाजायचं. पाजायचंच म्हणतो, कारण जुनं लाकूड खरोखर पितं. पातं आणि दांडा जिथे मिळतात तिथे मेण लावलेला काळा दोरा गुंडाळायचा, गाठ दिसू न देता. आणि सगळ्यात अवघड काम म्हणजे वाकलेला दांडा सरळ करणं. आधी ऊब द्यायची. लाकूड ऐकायला लागलं की गुडघ्यावर ठेवून उलट्या बाजूला वाकवायचं आणि गार होईस्तोवर तसंच धरून बसायचं. मग एक डोळा मिटून दांड्यावरून नजर सोडायची. नजर कुठेही न अडखळता टोकापर्यंत गेली की जो आनंद होतो तो मला लग्नात झाला नव्हता. हे मी एकदा बायकोला सांगितलं.

"मलाही नव्हता," ती म्हणाली.

माझ्या खेळण्याबद्दल थोडक्यात आटोपतो. लाकडी दांड्याला घाई सोसत नाही. तो पीळ खातो, मागे रेंगाळतो. आपण सावकाश फिरवलं तरच वेळेवर पोचतो. मी जन्मभर तळघरात सावकाश काम केलं, पण मोकळ्या मैदानात पांढरा चेंडू दिसला की अंगात येतं. तीन दांडे मी मोडले. चौथ्या खेपेला पातं सुटून चेंडूच्या पुढे गेलं, आणि त्या दिवसातला तो माझा सर्वात लांबचा फटका होता. आमच्यासारख्यांचं एक मंडळ आहे, नऊ जणांचं. महिन्यातून एकदा आम्ही जुन्या पद्धतीची टोपी आणि गुडघ्याखाली बांधायची विजार घालून खेळतो. ती विजार घालून मी पहिल्यांदा आरशासमोर उभा राहिलो तेव्हा बायको दाराला टेकून म्हणाली, "बाकीची सर्कस कुठे उतरलीय?"

सासरे कोपऱ्यातल्या खुर्चीतून हे सगळं बघत. बोलत नसत.

त्यांना आम्ही बाबा म्हणतो. शहराबाहेरच्या गोल्फच्या मैदानावर ते चव्वेचाळीस वर्षं माळी होते. सासूबाई गेल्यावर ते आमच्याकडे आले ते एक पेटी आणि एक काठी घेऊन. पेटी पलंगाखाली गेली, काठी दाराआड उभी राहिली. तिची हकीकत मला कळायला पुढची नऊ वर्षं लागली, कारण बाबा एका वेळी एकच वाक्य देत, तेही मागितल्यावर.

ते कामाला लागल्याच्या दुसऱ्या वर्षी मैदानातलं तळं उपसलं. गाळातून चारशे चेंडू निघाले, एक बूट निघाला आणि ही काठी. कुणा सभासदानं नेम चुकल्याच्या रागात भिरकावलेली. फार दिवस पाण्यात नसावी, लाकूड धड होतं. बाबांनी ती साहेबांना दाखवली. साहेब म्हणाले, लाकडी आता कोण वापरतो, फेकून दे.

"मग?" मी विचारलं.

"नाही फेकली. तेवढा एकच हुकूम मोडला."

माळ्यांना खेळायची परवानगी नव्हती. पण गवत सभासद यायच्या आत कापावं लागतं, म्हणजे उजाडताना मैदान माळ्याचंच. फाटकासमोर केस कापायचं दुकान होतं. तिथले सलूनवाले बाबांच्याच वयाचे, तेही लवकर उठणारे, आणि त्यांच्याकडे एका गिऱ्हाइकानं विसरलेली काठी होती. दोघे लांबच्या टोकाचे तीन होल खेळत. दवावर त्यांच्या पावलांच्या वाटा उमटत. खेळ झाला की बाबा गवत कापायचं यंत्र घेऊन नेमक्या त्याच वाटा पुसत जात. सात वाजता सभासद येत तेव्हा मैदान असं दिसे की तिथे कोणी श्वाससुद्धा घेतलेला नाही. चाळीस वर्षं हे कुणाला कळलं नाही. बाबा निवृत्त झाल्यावर नव्या मॅनेजरनं सांगितलं की सोमवारी मैदान बंद असतं, तुम्ही दोघे खुशाल खेळा. बाबा म्हणतात, परवानगी मिळाल्यावर पहिले सहा महिने खेळ बिघडला होता.

त्या तीनपैकी एक म्हणजे मैदानाचा पाचवा होल, तिथे वाटेतच एक जाडजूड झाड आहे. इतर लोक त्याला वळसा घालून दोन फटक्यांत जातात. बाबांचा चेंडू झाडाच्या उजवीकडून निघे, पुढे जाई, आणि घरी काही विसरल्यासारखा डावीकडे वळून झाडामागच्या, भोकाभोवतीच्या हिरवळीवर उतरे. सलूनवाल्यांनी तो फटका आयुष्यभर मारून पाहिला. त्यांचा चेंडू बुंध्यावरच. "त्या झाडानं मला जितकं मारलंय," ते म्हणत, "तितकं माझ्या बापानं नाही मारलं."

आता त्या काठीबद्दल. तिचा दांडा धनुष्यासारखा वाकलेला होता. टेबलावर आडवी ठेवली तर मधे खालून दोन बोटं जात. मुठीचं चामडं काळं, गुळगुळीत, अंगठ्यांच्या जागी खड्डे. नऊ वर्षं ती दाराआड उभी होती आणि नऊ वर्षं मी येताजाता तिच्याकडे बघून तळमळत होतो. शेजाऱ्याच्या भिंतीवरची तिरकी तसबीर जशी आपल्याला छळते तशी. एकदा धीर करून म्हणालो, "बाबा, सरळ करून देऊ?"

"चाललंय की," ते म्हणाले.

मी समजलो, संकोच करताहेत.

यंदा सलूनवाल्यांनी दुकान बंद केलं. त्यांची मुलगी विमानानं चौदा तास लागतात अशा ठिकाणी राहते. ती त्यांना कायमची घेऊन जायला निघाली होती. एका सकाळी ते आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसले.

"महिन्याचा शेवटचा सोमवार," ते बाबांना म्हणाले. "मंगळवारी मी चाललो."

"बरं."

"झाडाचा फटका दाखव. मागच्या वेळी डोळ्यात पाणी होतं, नीट दिसला नाही."

"कसलं पाणी?"

"वाऱ्याचं रे. तुझ्यासाठी रडतोय होय मी?"

"दाखवतो," बाबा म्हणाले. "आधी माझा डोळा होऊ दे."

बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलेलं होतं. त्यानंतर तीन आठवडे वाकायचं नाही, उचलायचं नाही, काठी फिरवायची तर मुळीच नाही. सलूनवाले गेल्यावर बाबा कॅलेंडरसमोर उभे राहिले आणि बोटानं घरं मोजली. मग माझ्याकडे वळले. "जावईबापू, त्या सोमवारपर्यंत होईन ना मी बरा?" बावीस वर्षांत त्यांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी म्हणालो, होणार म्हणजे काय, होणारच. आणि त्याच क्षणी माझ्या डोक्यात ती भिकार कल्पना आली.

डोळ्यावर पट्टी बांधून ते मागच्या खोलीत पडून होते तेव्हा मी काठी कोटाखाली लपवून निघालो.

"कुठे?" बायकोनं विचारलं.

"कामाला."

"कोटातून शेपूट बाहेर आलंय."

मी सांगितलं. शेवटचा खेळ आहे, मित्र कायमचा चाललाय, काठी कशी नव्यासारखी हवी, बाबांना चकित करायचंय.

"बाबांना विचारलंत?"

"विचारलं तर चकित कसे होतील?"

"तुम्ही कुणाला चकित करायला निघालात की मला आधी पट्ट्या आणि आयोडिन शोधावं लागतं," ती म्हणाली. पण अडवलं नाही. वडिलांसाठी मी काही करतोय हे तिला बरं वाटलं असणार. म्हणजे या पापात तिचाही चमचाभर वाटा आहे. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

सहा संध्याकाळी काम केलं. मुठीचं जुनं चामडं सोलून काढलं. ते सापाच्या कातेसारखं वळून पडलं. अंगठ्यांचे खड्डे त्यात तसेच होते. मी ते कचऱ्यात टाकलं. पात्याचा गंज काढला, ठसा जपला, त्याचा अभिमानही बाळगला. मग दांडा. तो तीनदा सरळ करावा लागला. दर वेळी गार झाला की थोडा परत वाके, जणू त्याला काही सांगायचं होतं. मी त्याला बोलू दिलं नाही. तिसऱ्यांदा रात्रभर शिकंज्यात आवळून ठेवला. सकाळी डोळा मिटून नजर टाकली: सरळ. इतकी सरळ रेषा माझ्या हातून आयुष्यात निघाली नव्हती. मागच्या फळीवर उस्तादांच्या नियमानं काढलेले दीडदोनशे साचे ओळीनं बसले होते. एकानंही तोंड उघडलं नाही.

डॉक्टरांनी परवानगी दिली त्या सकाळी मी काठी बाबांच्या हातात दिली. सोमवारला दहा दिवस होते. त्यांनी अंगठा दांड्यावरून फिरवला. नवा डोळा उघडा ठेवून दुसरा मिटला आणि दांड्यावरून नजर टाकली. पुष्कळ वेळ.

"छान झालीय," ते म्हणाले. "फार छान झालीय हो."

बायकोचे डोळे भरून आले. मी दिवसभर तळघरात शीळ घालत होतो.

पाचव्या दिवशी बायको म्हणाली, "बाबा काठी नेत नाहीत."

"म्हणजे?"

"रोज मैदानावर जातात. काठी कपाटावर ठेवलीय, फडक्यात गुंडाळून. छत्री घेऊन जातात."

"उन्हापासून डोळ्याला जपत असतील."

"उघडत नाहीत ती. नुसती टेकतात."

मी कामावर गेलो. दुपारी एका डॉक्टरांचा फोन आला. महिन्यापूर्वी एका आजीबाईंची कवळी करून दिली होती, ती कशी आहे म्हणून त्यांनी चौकशी केली होती. "आजी म्हणतात छान आहे," डॉक्टर म्हणाले. "सून म्हणते, पेल्यात असते."

मी फोन ठेवला आणि प्लास्टरच्या पोत्यावर बसलो. छान आहे. तीस वर्षं हे दोन शब्द मी निदान म्हणून वापरले होते, आणि माझ्या स्वयंपाकघरात ते माझ्या तोंडावर म्हटले गेले तेव्हा मी शीळ घातली होती.

दुसऱ्या दिवशी बाबा घरातून निघाले तेव्हा छत्री जागेवर होती आणि त्यांच्या कोटाखालून काहीतरी डोकावत होतं. आमच्या घरात ती काठी सगळ्यांनी चोरूनच नेली. मी मागे गेलो. मैदानाच्या कुंपणाशी झुडपाआड उभा राहिलो, जासूस म्हणूनही बेढब. बाबा पाचव्या होलवर होते. सात चेंडू मांडलेले. त्यांनी सावकाश, अगदी सावकाश काठी फिरवली; माझ्या मंडळातल्या कुणाला जन्मात जमणार नाही अशी. चेंडू बुंध्यावर. ठक्. दुसरा. ठक्. सातही. आवाज असा येत होता की कुणीतरी दार ठोठावतंय आणि आत कोणी नाही.

मी झुडपातून बाहेर आलो.

"या जावईबापू," बाबा म्हणाले. "विजार नाही घातलीत?"

"चेंडू वळत नाही, बाबा."

"नाही वळत. शिस्तीचा झालाय."

"तुम्ही सांगितलं का नाही मला?"

"एवढं मनापासून केलंत. आणि खोटं नाही बोललो, काठी छानच आहे. माझ्या कामाची नाही, एवढंच."

मी म्हणालो, परत वाकवून देतो, आजच देतो, दोन बोटं होता ना बाक? ते म्हणाले, हो, दोन बोटं. मी विचारलं, नेमका कुठे होता, मधोमध की मुठीकडे? ते म्हणाले, तुम्ही हातात घेतली होती ना? घेतली होती. नऊ वर्षं बघितली होती. पण मी बाक बघितला नव्हता, बाकातला दोष बघितला होता. दोषाचं माप कोण ठेवतो?

"तळ्यातून निघाली तेव्हा केवढी वाकलेली होती?" मी विचारलं.

"तेव्हा? तेव्हा सरळ होती. आता आहे तशी."

"मग वाकली कशानं?"

"काय माहीत. वाकली असेल." आणि हे म्हणताना त्यांनी पातं जमिनीवर टेकवलं, दोन्ही हात मुठीवर ठेवले, डावा पाय सैल सोडून सगळा भार काठीवर टाकला आणि सहाव्या होलकडचं गवत बघू लागले. दांडा त्यांच्याखाली किंचित वाकला. चाळीसहून जास्त वर्षं हा माणूस असा उभा राहून गवत बघत होता. बाक लाकडाचा नव्हताच, उभं राहण्याचा होता. आणि मी तो सहा संध्याकाळींत इस्त्री करून काढला होता.

सोमवारला चार दिवस होते.

आमच्या धंद्यात जुनं माप हरवलं की एकच उपाय असतो. मेण गरम करून तोंडात द्यायचं आणि म्हणायचं, आजोबा, चावा. विचार करू नका, नेहमीसारखं चावा. त्या संध्याकाळी बाबा बावीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या तळघरात उतरले. फळ्यांवरचे जबडे त्यांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिले.

"कुणाचे हे?"

"गावाचे."

"बोलत नाहीत ते बरंय."

मी दांडा गरम केला, काठी त्यांच्या हातात दिली आणि म्हणालो, "बाबा, टेका. नेहमीसारखं." ते पासपोर्टचा फोटो काढायला बसल्यासारखे ताठ उभे राहिले. लोक असेच चावतात पहिल्यांदा. मी दांडा पुन्हा गरम केला आणि वेगळ्या वाटेनं गेलो. म्हणालो, "सहाव्या होलवर यंदा शेवाळ फार आहे, नाही?"

"शेवाळ!" बाबा म्हणाले, आणि डावा पाय सैल झाला. "शेवाळ नाही ते, निचरा नाही तिथे. मी एकोणीस वर्षांपूर्वी सांगितलं होतं..."

नऊ वर्षं एकेक वाक्य देणारा माणूस चार संध्याकाळी बोलत होता. मी दांडा गरम करत होतो, ते टेकून बोलत होते. कुठल्या साहेबानं चुकीचं बी आणलं, कुठल्या हिवाळ्यात दुसरी हिरवळ मेली आणि ते घरी येऊन जेवले नाहीत. शेवटच्या संध्याकाळी त्यांनी सासूबाईंचं सांगितलं. त्या पहाटे चहाची बाटली घेऊन मैदानावर येत आणि वरच्या वळणावर उभ्या राहत. एखादी गाडी लवकर आलीच तर त्या शीळ घालत. मग बाबा आणि सलूनवाले झाडाआड. "तिची शीळ इथून तिथपर्यंत जायची," बाबा म्हणाले. "गाडी नसली तरी घालायची कधी कधी. आम्ही पळायचो ते बघायला."

लाकूड गार होत होतं.

रविवारी काठी टेबलावर आडवी ठेवली. खालून एक बोट गेलं. दुसरं गेलं नाही.

सोमवारी आम्ही चौघे मैदानावर होतो. बायको चहाची बाटली घेऊन आली होती. का ते तिला मी विचारलं नाही. सलूनवाले नवीन बूट घालून आले होते, विमानासाठी घेतलेले, आणि दर पावलाला ते दवातून उचलून बघत होते. पाचव्या होलवर ते बाजूला उभे राहिले, रुमाल काढून डोळे आधीच पुसून घेतले.

"हं. दाखव."

बाबांनी काठी फिरवली. चेंडू झाडाच्या उजवीकडून निघाला. पुढे गेला. वळायला लागला. वळला, पण अर्धाच. झाड ओलांडून हिरवळीच्या अलीकडे उंच गवतात पडला.

बाबांनी काठी खाली टेकवली.

"नाही पोचला," बाबा म्हणाले.

"काठीला काय झालंय तुझ्या?" सलूनवाल्यांनी काठी हातात घेऊन डोळ्यासमोर धरली. "ही ती नाही."

"मी सरळ केली होती," मी म्हणालो. "मग निम्मी परत वाकवली."

केस चुकीचे कापून आलेल्या डोक्याकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "चाळीस वर्षं," ते म्हणाले, "चाळीस वर्षं मी मनात म्हणत होतो, कुणीतरी ह्याची काठी सरळ करा रे. आणि केलीत ती मी जायच्या वेळेला!" मग एकदम त्यांना काहीतरी सुचलं. "थांब. म्हणजे फटका काठीचा होता! ह्याचा नव्हताच कधी!"

"मार मग," बाबा म्हणाले. "घे. निम्मा बाक आहे अजून, निम्मा तरी वळेल."

सलूनवाल्यांनी नवे बूट रोवले आणि मारला. ठक्. बुंधा. त्यांनी दुसरा मारला. ठक्. बाबा आधी हसले की सलूनवाले ते सांगता येणार नाही. दोघे हसत हसत गवतात बसले, आणि बायकोनं त्यांना बाटलीच्या झाकणातून चहा दिला.

"अजून एकदा दाखव," सलूनवाले म्हणाले.

"नाही. अर्धा आज पाहिलास. उरलेला परत आलास की."

"मी परत यायचा नाही रे. माहीतय तुला."

"असू दे. काठीलाही वेळ लागणारच आहे."

मंगळवारी ते गेले.

त्यानंतर काठी पुन्हा दाराआड आली, छत्री पुन्हा पावसापुरती राहिली. बाबा रोज सकाळी मैदानावर जातात, टेकून उभे राहतात आणि नव्या माळ्यांच्या चुका बघतात. माझ्याकडे आता बत्तीस जुन्या काठ्या आहेत. ही तेहतिसावी एकटीच अशी की जिला हात लावायची मला मनाई आहे. फक्त महिन्यातून एकदा, टेबलावर आडवी ठेवली की, मी खाली बोट घालतो. तेवढा अधिकार बाबांनी ठेवलाय. साचाही काढून ठेवलाय मी तिचा, लांब ट्रेमध्ये. उस्ताद असते तर म्हणाले असते, वा, घोडा गेल्यावर तबेल्याला कुलूप.

गेल्या रविवारी सलूनवाल्यांचा फोन आला. बाबांशी हवापाण्याचं झाल्यावर त्यांनी मला मागितलं.

"किती झालाय?"

"एक बोट आणि थोडं," मी म्हणालो.

"कुणाचं बोट?"

"माझं."

"तुमच्या बोटावर माझा विश्वास नाही, जावईबापू. म्हाताऱ्याला घालायला सांगा."

बाबांनी काठी टेबलावर ठेवली आणि बोटं खाली सरकवली. त्यांची बोटं माझ्याहून जाड आहेत. एक गेलं. दुसरं काठीला अडलं, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. बाबांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग फोन घेतला.

"दोन गेली," ते म्हणाले. "झालाय पुरता. कधी येतोस?"

नळाच्या वेळी राहिलो होतो तसाच मी गप्प राहिलो.